पत्र्याला हात न लावता: जुन्या फियाट-अँबेसडरमध्ये नवा स्टिरिओ कसा बसवावा

इंदूरमध्ये जुनी पद्मिनी किंवा अँबेसडर विकत घ्यायला गेलात, तर दहातल्या निम्म्या गाड्यांच्या डॅशमध्ये एक वेडावाकडा चौकोन कापलेला दिसतो. कॅसेट प्लेअरच्या काळात कुणीतरी छिन्नी-हातोड्याने तो उघडला, प्लेअर बसवला, पुढे प्लेअर भंगारात गेला आणि भोक तेवढं राहिलं. त्या पत्र्याची किंमत आता कळते, कारण अखंड डॅश मिळत नाही. फियाट ११००चा साचा कधीच थांबला, पद्मिनी एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद झाली, अँबेसडर २०१४मध्ये. म्हणून या कामाचा पहिला नियम असा: जे काही बसवाल ते अर्ध्या दिवसात काढता आलं पाहिजे आणि काढल्यावर गाडी होती तशी दिसली पाहिजे. पुढची प्रत्येक सूचना याच नियमाला धरून आहे.

दुसरी गोष्ट, नवखे लोक आधी स्टिरिओ विकत घेतात आणि मग गाडीकडे बघतात. क्रम उलटा हवा. जुन्या गाडीत आवाज ही शेवटची पायरी, वीज ही पहिली.

आधी गाडीची वीज तपासा

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि बॅटरीपाशी उभे राहा. तीन प्रश्नांची उत्तरं हवीत.

पहिला प्रश्न, गाडी ६ व्होल्टची की १२ व्होल्टची? फियाट आणि अँबेसडर १२ व्होल्टच्या. युद्धकाळातल्या विलीज जीप आणि पन्नाशीच्या सुरुवातीच्या बऱ्याच अमेरिकन गाड्या ६ व्होल्टच्या. तिथे नवा स्टिरिओ थेट चालणार नाही, ६ चे १२ करणारा कन्व्हर्टर लागेल. १२ व्होल्टला ५ अँपिअर हवे असतील तर ६ व्होल्टच्या बाजूने साधारण १२ अँपिअर ओढले जातील, हे धरून वायर जाड घ्या.

दुसरा प्रश्न, बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय? यात चूक झाली तर स्टिरिओ पहिल्याच क्षणी जळतो. बॅटरीवरून निघून चेसिसला बोल्ट केलेला जाड पट्टा शोधा. तो निगेटिव्हवरून निघाला असेल तर नेहमीचं काम. पॉझिटिव्हवरून निघाला असेल तर गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे. ब्रिटिश घराण्याच्या जुन्या गाड्यांत असं सापडतं, आणि अँबेसडर ही मॉरिस ऑक्सफर्डचीच मुलगी, त्यामुळे सुरुवातीच्या गाड्यांत हे आवर्जून बघा. मधल्या काळात कुणी उलटवूनही ठेवलेलं असेल, म्हणून पुस्तकावर किंवा मेकॅनिकच्या आठवणीवर विसंबू नका, मोजा. नव्या स्टिरिओची धातूची पेटी निगेटिव्ह असते. पॉझिटिव्ह अर्थच्या डॅशला ती टेकली की सरळ शॉर्ट.

अशी गाडी निगेटिव्ह अर्थची करता येते, आणि काम अवघड नाही. बॅटरी उलटी फिरवा. तिचं पॉझिटिव्ह टोक निगेटिव्हपेक्षा थोडं जाड असतं, त्यामुळे केबलचे क्लॅम्प बदलावे लागतील, ठोकून बसवू नका. इग्निशन कॉइलच्या (प्लगची ठिणगी तयार करणाऱ्या डब्याच्या) दोन बारीक वायरी एकमेकींच्या जागी लावा. अँपिअर मीटर असेल तर त्याच्याही उलटा. मग डायनॅमोला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला, नवी दिशा शिकवावी लागते: डायनॅमोच्या 'एफ' टोकावरची वायर काढा, बॅटरीच्या जिवंत, म्हणजे बॉडीला न जोडलेल्या, टोकावरून आणलेली एक वायर त्या 'एफ'ला दोन-तीनदा क्षणभर टेकवा, बारीक ठिणगी दिसेल, मग मूळ वायर परत लावा. हे इंजिन सुरू करण्याआधी करायचं. गाडीत जुना ट्रान्झिस्टर रेडिओ असेल तर तो आधी पूर्ण सोडवून ठेवा, उलट्या दिशेची वीज त्याला सहन होत नाही.

तिसरा प्रश्न, चार्जिंग किती होतं? इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन थोडं जोरात ठेवून १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा यायला हवा. १५च्या वर गेला तर कटआउट-रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा डबा) बिघडलाय, आणि तो नीट होईपर्यंत स्टिरिओ जोडूच नका. जुन्या बल्बला १५.५ व्होल्ट काही दिवस चालतात, स्टिरिओतल्या आयसीला नाही.

आता हिशेब करू. ब्रिटिश धाटणीच्या गाडीतला लुकास सी-४० जातीचा डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिन फिरत असताना. रात्री पावसात एवढं चालू असतं: ४५ वॉटचे दोन हेडलाइट म्हणजे साडेसात अँपिअर, मागचे दिवे, नंबर प्लेट आणि मीटरचे दिवे मिळून अडीच, ब्रेक दाबला की साडेतीन, कॉइल साडेतीन, वायपर तीन. बेरीज वीस. म्हणजे स्टिरिओसाठी दोन अँपिअर उरले. मध्यम आवाजाला दोन-तीन अँपिअर पुरतात, पण चार स्पीकर जोरात लावले की ठोक्या-ठोक्याला आठ-दहा अँपिअर ओढले जातात. आणि राजवाड्याच्या गर्दीत गाडी आयडलवर उभी असेल तेव्हा डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर. त्यामुळे डायनॅमोच्या गाडीत दोन स्पीकर, वेगळा अँप्लिफायर नाही, ही मर्यादा पाळा. डायनॅमोच्या जागी नव्या पद्धतीचा, जास्त वीज देणारा अल्टरनेटर बसवलेला असेल तर चार स्पीकर बिनधास्त लावा.

कुठे बसवायचा?

वाटा चार आहेत, आणि आमची पसंती याच क्रमाने आहे.

पहिली, लपवलेला स्टिरिओ. आजचा सीडी नसलेला एक-डिन (ठरलेल्या प्रमाण मापाचा) स्टिरिओ १८० बाय ५० मिलिमीटर चेहऱ्याचा आणि साधारण १०० मिलिमीटर खोल असतो. तो ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा सीटखाली बसतो, गाणी फोनवरून ब्लूटूथने. डॅशवर काहीच दिसत नाही. एकच अडचण, पूर्ण पत्र्याच्या डब्यात ब्लूटूथचा सिग्नल कोंडला जातो. स्टिरिओचा चेहरा डब्याच्या तोंडाकडे ठेवा आणि झाकण पत्र्याचं असेल तर बाजूला बोटभर फट राहील असं बसवा. कॉलसाठी माइक वेगळा मिळतो, तो सन-व्हायझरच्या कडेला अडकवा.

दुसरी वाट, जुना रेडिओ जागेवर असेल तर त्याचा चेहरा तसाच ठेवून आत ब्लूटूथ बोर्ड बसवणं. दिसायला हे सगळ्यात देखणं. बटण फिरवलं की तोच टक आवाज येतो, पिवळा दिवा लागतो आणि गाणं फोनवरचं वाजतं. पण सोल्डरिंग येत असेल तरच. बोर्डाचा डावा आणि उजवा आवाज थेट एकत्र जोडू नका. प्रत्येकाला एक किलो-ओहमचा रेझिस्टर लावून मग जोडा आणि तो मिळालेला आवाज व्हॉल्यूम पॉटच्या (आवाजाच्या बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरच्या) वरच्या टोकावर, आधी तिथली रेडिओकडून येणारी वायर सोडवून, एक मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून द्या. बोर्डाला लागणारे ५ व्होल्ट आयसोलेटेड कन्व्हर्टरमधून घ्या, नाहीतर गाण्यामागे सतत चिर्रर्र ऐकू येईल. रेडिओ वाल्व्हचा असेल तर झाकण उघडू नका, ओळखीच्या रेडिओ मेकॅनिककडे द्या: आत दीडशे-दोनशे व्होल्ट तयार होतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतात.

तिसरी, दोन दांड्यांचा नवा रेडिओ, म्हणजे डावीकडे व्हॉल्यूमचं बटण, उजवीकडे ट्यूनिंगचं, मधे काच, आणि आत ब्लूटूथ-यूएसबी. यातल्या काहींच्या दांड्या मागेपुढे आणि डावी-उजवीकडे सरकवता येतात, त्यामुळे मूळ भोकांत बसतात. मागवण्याआधी तीन मापं घ्या: दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, मधल्या चौकटीची लांबी-उंची, आणि मागची मोकळी खोली.

चौथी, डॅशखाली टांगायची चौकट. दोन मूळ स्क्रूंच्या आधाराने दीड मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकवून करता येते. गिअर स्टिअरिंगवर असलेल्या गाडीत पायापाशी जागा भरपूर असते, तिथे ही वाट सोपी.

ज्यांच्या डॅशमध्ये आधीच भोक आहे, त्यांनी ते आणखी मोठं करायच्या आधी थांबावं. एक-डिनला १८२ बाय ५३ मिलिमीटरचा कटआउट लागतो. भोक त्याहून मोठं असेल तर मागून अ‍ॅल्युमिनियमची प्लेट लावून, प्लेटमध्ये नेमका चौकोन कापा. गाडीच्या पत्र्याला फक्त कानस, तीही वाकडी धार गुळगुळीत करण्यापुरती, आणि लगेच रेड ऑक्साइडचा हात.

कुठलीही वाट घ्या, आधी पुठ्ठ्याचा स्टिरिओ करा. नेमक्या मापाचा खोका कापून चिकटवा आणि त्याच्या मागे आणखी ४० मिलिमीटर वाढवा, कारण कनेक्टर आणि एरियलची पिन एवढी जागा खातात. हा खोका डॅशमागे घालून वायपर चालवून बघा. वायपरची लिंक, स्पीडोमीटरची केबल आणि हवेची नळी या तिन्ही गोष्टी तिथेच असतात. स्पीडोमीटरची केबल दाबली गेली की काटा थरथरायला लागतो आणि महिनाभरात केबल तुटते.

सामान

इंदूरमध्ये वायर, रिले, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोपण) महाराणी रोडवर मिळतं, हत्यारं आणि नटबोल्ट सियागंजला. यादी अशी: २.५ चौरस मिलिमीटरची लाल वायर ४ मीटर, तेवढ्याच जाडीची काळी २ मीटर, स्पीकरसाठी ०.७५ किंवा १ चौरस मिलिमीटरची जोडवायर १० मीटर, पाती-फ्यूजचे होल्डर २, फ्यूज १५ अँपिअरचे ३ आणि २ अँपिअरचे ३, एक साधा ऑन-ऑफ टॉगल स्विच, थिंबल आणि त्यांच्या स्लीव्ह, आकसणारी नळी, रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेवर बसणारी कडी), चिरलेला प्लास्टिकचा कोंडुइट पाइप, कापडी हार्नेस टेप. थिंबल दाबायचा क्रिंपिंग पाना चांगला घ्या, पकडीने चेचलेलं थिंबल दिसायला घट्ट असतं आणि पहिल्या खड्ड्याला सैल होतं.

वायर घरगुती फिटिंगची नको, गाडीची बारीक अनेक तारांची हवी. जाडीचं कारण आकड्यात सांगायचं तर, अडीच मीटर लांबीच्या १ चौरस मिलिमीटर वायरीत १० अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट वाया जातो, २.५च्या वायरीत ०.२पेक्षा कमी. आधीच १२ व्होल्टवर धापा टाकणाऱ्या गाडीत अर्धा व्होल्ट मोठा असतो.

काळा पीव्हीसी टेप मात्र आणू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशमागे त्याचा गोंद वितळतो, टेप सरकतो आणि उघडी तार पत्र्याला लागते. वायर पिळून टेप गुंडाळलेला जोड हे जुन्या गाड्यांतल्या वायरिंगच्या आगीचं अगदी नेहमीचं कारण आहे.

जोडणी

बॅटरीची अर्थ केबल काढा आणि ती बाजूला बांधून ठेवा. मगच डॅशमागे हात घाला.

मुख्य लाइन बॅटरीच्या जिवंत टोकावरून सुरू होते. टोकापासून १५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज होल्डर बसवा, आत १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज स्टिरिओपाशी लावून उपयोग नाही: तो वायरीला वाचवण्यासाठी आहे, आणि घासून शॉर्ट होण्याची भीती बॅटरी ते डॅश या वाटेवरच जास्त. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात आधीपासून असलेल्या भोकातून वायर आत घ्या, भोकाला ग्रोमेट लावा. ग्रोमेटशिवाय पत्र्याची धार वर्षभरात वायरीचं आवरण कापते. एग्झॉस्टपासून एक वीत अंतर ठेवा.

गाडीच्या मूळ फ्यूज बॉक्समधून वीज घेऊ नका. त्यात मोजून दोन-चार फ्यूज असतात आणि एकेकावर हॉर्न, वायपर, ब्रेक लाइट असं सगळं लटकलेलं असतं. स्टिरिओमुळे तो उडाला तर रात्री हायवेवर ब्रेकचे दिवे जातील.

स्टिरिओच्या मागून येणाऱ्या वायरींचे रंग बाजारातल्या बहुतेक सेटवर सारखे असतात. पिवळी म्हणजे कायमची वीज, मुख्य भार हीच ओढते, ती आपल्या नव्या लाइनला. काळी म्हणजे अर्थ. लाल म्हणजे चालू-बंदचा इशारा. निळी एरियलसाठी, निळी-पांढरी अँप्लिफायरसाठी, लागत नसतील तर टोकं कापून स्लीव्ह घालून बंद करा, उघडी सोडू नका. नारिंगी वायर हेडलाइट लागल्यावर डिस्प्ले मंद करण्यासाठी. तरी पेटीवरचा नकाशा वाचल्याशिवाय जोडू नका, कारण स्वस्त सेटमध्ये लाल-पिवळीची अदलाबदल दिसते.

आता लाल वायर. नव्या गाडीच्या सवयीने सगळे ती इग्निशनला जोडतात. पॉइंटच्या गाडीत, म्हणजे जिथे डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क ठिणगी पाडतात तिथे, हे घातक आहे. डबल चौकीला किंवा पाताळपाणीला थांबून, इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून गाणी ऐकली, आणि त्या वेळी डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट मिटलेले असले, तर कॉइलमधून तीन-साडेतीन अँपिअर अखंड वाहतात. अर्ध्या तासात कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते, तेल गळतं, पॉइंट जळतात, आणि परतीला गाडी सुरू होत नाही. चावीवर वेगळी अ‍ॅक्सेसरीची जागा असेल तर लाल तिथे द्या. नसेल तर मुख्य लाइनवरून २ अँपिअरच्या फ्यूजमधून एक वायर काढा, टॉगल स्विचमधून लाल वायरीला द्या, आणि स्विच डॅशखाली हाताला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही असा बसवा. हा स्विच बंद करायला विसरू नये म्हणून त्याच्याजवळ एक बारीक लाल एलईडी, एक किलो-ओहमच्या रेझिस्टरसह, लावून ठेवा.

अर्थसाठी जवळचा कुठलाही स्क्रू चालत नाही. पन्नास वर्षांच्या रंगाखाली आणि गंजाखाली काय आहे कळत नाही. डॅशमागची बॉडीला वेल्ड केलेली पट्टी शोधा, पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, गोल थिंबल, दातेरी वॉशर आणि बोल्टने कसा, वरून ग्रीस. नंतर तपासायचं ते असं: स्टिरिओ जोरात वाजत असताना मल्टिमीटरचं एक टोक काळ्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ कच्चा आहे, आणि बहुधा बॅटरीपासून बॉडीकडे जाणारा पट्टाच बदलायला झालाय.

स्पीकर

जुन्या रेडिओला एकच स्पीकर असायचा आणि कित्येकदा त्याची एक वायर सरळ बॉडीला. नव्या स्टिरिओत असं केलंत तर आतला अँप्लिफायर मरतो. नव्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, प्रत्येकीवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे साधारण सहा व्होल्ट. त्यातली एकही बॉडीला, अर्थला किंवा दुसऱ्या स्पीकरच्या वायरीला टेकता कामा नये. म्हणून जुनी स्पीकर वायरिंग वापरू नका, प्रत्येक स्पीकरला स्वतःची जोडवायर ओढा. पांढरी जोडी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, काळ्या रेघेची वायर प्रत्येक जोडीत निगेटिव्ह.

स्पीकर ४ ओहमचे घ्या. एका चॅनलवर दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात आणि सेट तापून बंद पडतो. दार कापायचं नाही. मागच्या काचेखालच्या फळीच्या मापाची १२ मिलिमीटर प्लायवूडची फळी करून तीत ६ किंवा साडेसहा इंची स्पीकर बसवले की मूळ फळी जपून ठेवता येते. पुढे हवं असेल तर पायापाशी, बाजूच्या पत्र्यावर, छोट्या लाकडी डब्यात ४ इंची. डॅशमध्ये मूळ एकाच स्पीकरची जाळी असेल तर दोन व्हॉइस कॉइलचा स्पीकर मिळतो, डावा-उजवा दोन्ही आवाज त्या एकातून येतात.

बसवण्याआधी दीड व्होल्टच्या सेलने प्रत्येक स्पीकरची दिशा बघा. सेलचा प्लस स्पीकरच्या एका टोकाला, मायनस दुसऱ्याला, क्षणभर टेकवा. टक असा आवाज येतो आणि कागदी शंकू एकतर पुढे उसळतो किंवा आत ओढला जातो. पुढे उसळला तर सेलचा प्लस जिथे होता ते स्पीकरचं पॉझिटिव्ह. तिथे रंगाचा ठिपका द्या. दोनपैकी एक स्पीकर उलटा जोडला गेला तर वाजतात दोन्ही, पण तबल्याचा डग्गा गायब होतो, आणि लोक स्पीकर फालतू म्हणून बदलून आणतात.

एरियल आणि स्टेशन

एफएमसाठी एरियलची दांडी साधारण ७५ सेंटिमीटर असली की उत्तम. जुनी वाढवता येणारी एरियल असेल तर मल्टिमीटरने दोन गोष्टी बघा: दांडीचं टोक आणि केबलच्या पिनचा मधला भाग यांच्यात बीप यायला हवी, मधला भाग आणि बाहेरची जाळी यांच्यात येता कामा नये. बुडाशी गंज असेल तर पावसाळ्यात स्टेशन येतं-जातं. बूड काढा, पत्रा घासा, नवा रबर लावा.

परदेशी बाजारासाठी बनलेल्या सेटमध्ये एक गंमत नवख्यांना चकवते. अमेरिकन सेटिंगमध्ये एफएमचे आकडे ०.२च्या उडीने आणि फक्त विषम दशांशावर सरकतात. इंदूरचं ९८.३ लागतं, पण विविध भारतीचं १०१.६ लागत नाही, १०१.५ किंवा १०१.७वर खरखरतं. मीडियम वेव्हवरही तेच: आपल्याकडे ९ किलोहर्ट्झची उडी, तिकडे १०ची, त्यामुळे इंदूर आकाशवाणीचा ६४८ हा आकडा डिस्प्लेवर येतच नाही. एरियल बदलत बसू नका, सेटच्या मेनूत प्रदेश बदलून आशिया किंवा युरोप करा.

खरखर कुठून येते

इंजिन बंद करून गाणं लावा. आवाज स्वच्छ असेल तर स्टिरिओ ठीक, गोंगाट गाडीचा आहे. आता इंजिन सुरू करून कान द्या.

टक-टक-टक, आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की टक-टक जलद: ही इग्निशन. तांब्याच्या प्लग वायरी असतील तर रेझिस्टन्सवाल्या वायरी किंवा ५ किलो-ओहमचे प्लग कॅप लावा. मग एक मायक्रोफॅरडचा सप्रेसर कपॅसिटर कॉइलला, ज्या टोकावर इग्निशन स्विचकडून वायर येते त्या टोकावर, आणि त्याची पत्र्याची पट्टी कॉइलच्याच स्क्रूखाली बॉडीला. दुसऱ्या टोकाला, म्हणजे पॉइंटकडे जाणाऱ्या वायरीच्या बाजूला, चुकूनही लावू नका, ठिणगी मरते आणि गाडी मिसफायर करते.

वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी: डायनॅमो किंवा अल्टरनेटर. डायनॅमोच्या जाड 'डी' टोकाला तसाच कपॅसिटर. 'एफ'ला नाही, तिथे लावला तर रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. तरीही शिट्टी राहिली तर आधी अर्थ परत घासा. नॉइज फिल्टर विकत घेण्याआधी हे करा, बहुतेक वेळा शिट्टी अर्थनेच जाते. वायपर लावल्यावरच खरखर आली तर वायपर मोटरचे ब्रश घासलेत. हॉर्नला एक कट आवाज येणं चालतं.

पहिल्यांदा चालू करताना

बॅटरी जोडण्याआधी १५ अँपिअरचा फ्यूज काढून त्या जागी १२ व्होल्टचा २१ वॉटचा ब्रेक लाइटचा बल्ब वायरी लावून जोडा. बॅटरी जोडल्यावर बल्ब भगभगून पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बने तुमचा स्टिरिओ वाचवला. क्षणभर लुकलुकून विझला तर सगळं ठीक, बल्ब काढा, फ्यूज लावा.

मग रात्रीची परीक्षा. हेडलाइट, वायपर, गाणं मध्यम आवाजात, इंजिन आयडलवर, पाच मिनिटं. बॅटरीवर १२च्या खाली आकडा सरकत गेला तर आयडल जरा वाढवा आणि सिग्नलला आवाज कमी करायची सवय लावा.

टॉगल बंद, चावी काढलेली, दारं बंद, दहा मिनिटं थांबा, आणि मल्टिमीटर १० अँपिअरच्या जागेवर ठेवून बॅटरीच्या केबलच्या मधे घाला. स्टिरिओची घड्याळ-स्टेशन लक्षात ठेवायची वीज काही मिलिअँपिअर असते. ५ मिलिअँपिअरला ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी महिनोन्‌महिने टिकेल, ५०ला पंधरा दिवसांत गाडी सुरू होण्याइतकी राहणार नाही. महिन्यातून एकदाच बाहेर निघणाऱ्या गाडीला अर्थ केबलवर फिरवून बंद करायचा कटऑफ स्विच लावा. स्टेशनं परत भरावी लागतील, पण बॅटरी जगेल.

मालव्यातला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही या कामावर तुटून पडतात. स्टिरिओच्या मागच्या दातेरी हीट सिंकभोवती (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाभोवती) बोटभर मोकळी हवा ठेवा, कापूस-फोम कोंबू नका. दुतर्फी टेपने काहीही टांगू नका. जुन्या गाड्यांत काचेखालच्या हवेच्या जाळीतून पाणी डॅशमागे ठिबकतं, म्हणून पहिल्या पावसाआधी बादलीभर पाणी काचेवर ओतून कुठे ओल येते बघा, आणि स्टिरिओकडे येणाऱ्या सगळ्या वायरींना खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी वायरीवरून सेटमध्ये न शिरता झोलाच्या तळाशी गळून पडेल. गाडी अंगणात उभी राहत असेल तर उंदरांसाठी इंजिनकडची सगळी नवी वायर कोंडुइटमध्ये घाला.

शेवटी एका कागदावर नवी वायर कुठून कुठे गेली, कुठला फ्यूज कुठे, टॉगल कुठे, अर्थ कुठे, हे हाताने काढा आणि तो कागद, काढलेले मूळ स्क्रू, बटणं आणि पट्ट्या एकाच पिशवीत बांधून डिकीत स्टेपनीमागे ठेवा.